जुळ्यांना फुकट

सिनेमाच्या तंबूत मी बरीच वर्षं नोकरी केली, पण एकही सिनेमा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला नाही. शेजारच्या घरातलं भांडण जसं ऐकू येतं, तसा दरवाजावरच्या माणसाला सिनेमा दिसतो. मधलाच एक तुकडा, मग कुणीतरी आडवं येतं, मग पुन्हा एक तुकडा. राजा कुणाचा मुलगा होता हे कळायच्या आत एखाद्या बाईचं पोर रडायला लागे. तिला बाहेर जायला मी कनात वर धरी, आणि परत वळून पाहावं तर राजा मेलेला असे.

मी चौथीपर्यंत नगरला मिशनच्या शाळेत शिकले. बाईंनी नाव विचारलं तरी माझा आवाज घशातच राही. बाई म्हणत, "मार्था, तुझं नाव तुला तरी ऐकू येतं का?" लग्न झालं ते शांतवन यांच्याशी. ते फिरत्या सिनेमाच्या तंबूत मशीन चालवत. जत्रा, आठवड्याचा बाजार, जिथे माणूस जमेल तिथे तंबू जाई. पहिल्या वर्षी मी तंबूमागे सगळ्यांच्या भाकऱ्या थापत होते. मालक बन्सीशेठ यांच्या लक्षात आलं की बायकांच्या दरवाजावर पुरुष उभा केला की बायका येत नाहीत. ते यांना म्हणाले, "शांतवन, तुझी बायको काय करते?"

"भाकरी करते."

"मग उद्यापासून दरवाजा कर म्हणावं."

मला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तरी नाही म्हणायला आवाज कुठे होता?

ज्यांनी तंबूतला सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबूच्या मधोमध सिनेमाचा पातळ कापडाचा पडदा टांगलेला असे. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. बसायला जमीन. ज्याने त्याने आपली घोंगडी आणि पाण्याचा तांब्या आणायचा. मशीन पुरुषांच्या बाजूला, म्हणजे आम्हा बायकांना सगळं पडद्याच्या मागून, उलटं दिसे. पडद्यावरचे लोक डाव्या हाताने जेवत. पण त्याचं कुणाला काही वाटत नसे. मशीन एकच होतं. त्यामुळे एक रीळ संपलं की दिवा लागे, आमचे हे दुसरं रीळ चढवत, आणि तेवढ्या वेळात बायका पाणी पीत, पोरांना बदडत आणि मला विचारत, "बाई, आता काय झालं वो?" मी सगळं तुकड्यातुकड्यांत पाहिलेलं. तरी सांगायचे. दिव्यात मला बोलता यायचं नाही, म्हणून दिवा विझायची वाट पाहायची आणि अंधार झाला की हळूच सांगायचे. अंधारात मी पुष्कळ बोलत असे. आमच्या ह्यांना हे कित्येक दिवस खरं वाटत नव्हतं.

माझं खरं काम तिकीट फाडणं. त्याहून मोठं काम म्हणजे माणूस ओळखणं. बायका डोक्यावरून पदर ओढून येत, तोंड दिसायचं नाही. मी पाय पाहायचे. जोडवी, भेगा, चालायची ढब. एक बाई तिकीट देऊन आत जाई, पलीकडे कनातीखालून बाहेर सरके आणि फाडलेलं अर्धं तिकीट जावेच्या हातात देई. जाऊ ते दाखवून आत शिरू पाही. मी म्हणायचे, "अहो, हे तिकीट मघा जाड जोडव्यांनी दिलं होतं." मग ती हसायची आणि मीही हसायचे. भांडायला मला जमतच नसे.

त्या वर्षी आमच्याकडे जुळ्या भावांचा सिनेमा आला. लढाईचे दिवस होते. नवे सिनेमे मिळेनात, म्हणून शेठनी कुठूनतरी ती जुनी रिळं आणली. गोष्ट गमतीची. दोन भाऊ, एकासारखा एक. एक शहरात मोठा झालेला, कोट घालणारा, दुसरा खेड्यातला, साधाभोळा. एक दिवस दोघं एकमेकांच्या घरी जाऊन पडतात. मग एकाची बायको दुसऱ्याला पुरणपोळी वाढते आणि ज्याची पोळी तो बाहेर लाथा खातो. ओळखायची खूण एवढीच की कोटवाल्याच्या डाव्या गालावर तीळ होता. पण आम्ही पडद्यामागे. पुरुषांना तो डाव्या गालावर दिसे आणि बायकांना उजव्या. घरी जाता जाता नवरा-बायकोंची यावरून अशी जुंपायची, की दुसऱ्या दिवशी खात्री करायला पुन्हा दोघं येत. शेठ म्हणत, "हा तीळ नाही, माझं सोनं आहे."

मलासुद्धा ते दोन निरनिराळे नट वाटले होते. ह्यांनी मला समजावलं, की माणूस एकच, अर्धी फिल्म झाकून एकदा चित्र घेतात, मग तीच उलटी गुंडाळून उरलेली अर्धी. मला ते पटलं नाही. मी म्हटलं, "मग एक दुसऱ्याच्या थोबाडीत मारतो ते?" त्यावर हे रीळ पुसायला लागले. ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

जामखेडला तंबू लागला, तेव्हा बाजाराचा दिवस सोडला तर गर्दी होईना. शेठनी डोकं चालवलं. बैलगाडीला दोन्ही बाजूंनी रंगवलेले जाहिरातीचे फळे बांधले, पुढे हलगीवाला म्हादू बसवला, आणि पत्र्याच्या भोंग्यातून आरोळी सुरू झाली: "जुळ्यांचा खेळ! जुळ्यांचा खेळ! जुळ्या भावांना फुकट, जुळ्या बहिणींना फुकट!"

शेठचा हिशेब असा, की तालुक्यात जुळी असतील किती? पण ते एक गोष्ट विसरले. लढाईमुळे कापड सरकारी कंट्रोलवर होतं. दुकानात एकाच रंगाची, एकाच काठाची लुगडी येत, आणि सगळा तालुका तीच नेसे. संध्याकाळी दरवाजात पाहते तर जुळ्यांची रांग लागलेली.

पहिल्या दोघी जावा. एक ताडासारखी उंच, दुसरी तिच्या खांद्याला. मी म्हटलं, "बाई, तुम्ही जुळ्या?"

उंच म्हणाली, "व्हय. हिला दूध कमी पडलं."

मग एक मायलेक आल्या. मग दोन म्हाताऱ्या. त्यांतली एक दुसरीला माझ्यासमोरच विचारत होती, "तुजं नाव काय म्हनलीस गं?" एक जोडी सवतींची होती. मी मान हलवून नाही म्हटलं, तर मोठी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नवरा एक, घर एक, चूल एक, सासूचा मारबी एकच. आमी जुळ्या न्हाई तर काय हाओत?"

त्यांना मी आत सोडलं. एक तर "भन मागनं येतीया" म्हणून एकटीच आत गेली, कनातीखालून बाहेर आली आणि पदर दुसऱ्या खांद्यावर घेऊन स्वतःचीच जुळी बहीण म्हणून पुन्हा दरवाजात उभी राहिली. मी पाय पाहिले. तेच पाय, कनातीजवळच्या चिखलाने भरलेले. ती म्हणाली, "आवो, आमच्या जुळ्यांत पाय बी सारकंच असत्यात."

या सगळ्या गर्दीत एक बाई रोज येई. गंगू तिचं नाव, पिंपळवाडीची सून. तिच्या सासूला सिनेमाचा भारी नाद. सासू पुढे, मागे घोंगडी आणि तांब्या घेऊन गंगू. दोघी तिकीट काढून येत. पण सासूला आत बसवलं की गंगू माझ्याजवळ येऊन उभी राही आणि येणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडाकडे पाही. कितीदातरी पाहिल्यावर मी एकदा अंधारात विचारलं, "कुणाची वाट पाहता?"

ती हळूच म्हणाली, "बाई, मी खरी जुळी हाय."

मला हसू आलं. ती हसली नाही.

"माजी भन हाय, गोदू. खडकवाडीला दिली. एकाच मांडवात आमची लग्नं झाली. माजं नाक तेच तिचं नाक."

"मग ती का येत नाही?"

मग तिने सांगितलं. त्यांच्या भावाच्या लग्नात दोन्ही जावयांना मानाने टोपी-धोतर द्यायचं होतं. पहिला मान थोरल्या जावयाचा. पण थोरली कोण? आई बाळंतपणातच गेलेली. बापाने सुईण बोलावून विचारलं. सुईण म्हणाली, "मला काय ठावं? दिवा इजला हुता. हाताला येक लागली, मग दुसरी लागली." पिंपळवाडीवाले म्हणाले गंगू थोरली, खडकवाडीवाले म्हणाले गोदू थोरली. दोन्ही सासवा पानावरून उठल्या. तेव्हापासून दोन घरांचं जाणं-येणं बंद झालं. दिवाळीला एक बहीण माहेरी आली की दुसरीला पाठवत नसत. किती वर्षं झाली ते गंगूने बोटांवर मोजायला घेतलं आणि सोडून दिलं.

"जुळ्या भनींना फुकट अशी आरोळी आयकली," ती म्हणाली, "तवाच मला वाटलं, तिनं आयकली तर ती येनारच. फुकटासाटी न्हवं हो. तिला कळंल की मी बी आयकली असंल."

मी ह्यांना विचारलं, "गाडी खडकवाडीला गेली होती का?" नव्हती. वाट खडकाळ, चढ मोठा, शेठ म्हणाले होते की तिकडे बैलांचे खूर झिजतील.

आता मी काय करावं? दोन दिवस मी भाकरी थापता थापता मनात वाक्य जुळवत होते. शेवटी शेठ जेवायला बसले, मी भाकरी वाढली आणि ताटाकडे पाहत म्हटलं, "गाडी खडकवाडीला न्या."

शेठनी घास हातातच धरला. मला वाटतं त्यांनी माझा आवाज तेव्हाच प्रथम ऐकला. त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. "शांतवन, ही बोलते?"

"अंधारात बोलते," हे म्हणाले. "दिवसा आजच."

"मग काहीतरी असणार," शेठ म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी गाडी गेली.

गंगूला मी सांगितलं. त्या संध्याकाळी ती सासूबरोबर आली तेव्हा तिने वेणी घातलेली, कुंकू नव्याने रेखलेलं. पण सासूचे गुडघे दुखत होते. सासू म्हणाली, "गंगे, आज मला सोडून दारात ऱ्हाऊ नगं, पाय चेप." बिचारी माझ्याकडे एकदा वळून पाहून आत गेली.

गर्दी होती. दोन्ही हातांनी मी तिकिटं फाडत होते. थोड्या वेळाने मान वर करते तर पुन्हा गंगूच समोर उभी. तेच लुगडं, तेच कुंकू, हातात तांब्या. खाली पाहिलं. पायसुद्धा तेच. मला वाईट वाटलं. इतकी चांगली बाई, आणि तीही कनातीखालून आली! मी म्हटलं, "गंगूबाई, आत्ताच आत गेलात ना? तुम्हीसुद्धा असं करायचं?"

ती जागच्या जागी थांबली. मागची बाई तिला ढकलत होती, पण ती हलेना. मग तिने पदर जरा मागे सारला आणि विचारलं, "गंगी आत हाय?"

माझ्या हातातली तिकिटं खाली पडली. पाय पाहून माणूस ओळखणारी मी, आणि माझी विद्या अशी कामाला आली. पण ती रागावली नव्हती. तिचे डोळे भरून आले होते आणि तोंडाने ती हसत होती. "मला गंगी म्हनून किती वर्सांनी कुनी हाक मारली," ती म्हणाली. "ल्हानपनी रोज मारायचे."

इतक्यात मागून आवाज आला, "गोदे, शिंगं रवून काय हुबी ऱ्हायलीस? व्हय म्होरं!" ती तिची सासू. म्हणजे दोन्ही सासवा आज तंबूत! गोदूने ओठांवर बोट ठेवलं. एका सासूने दुसरीला पाहिलं असतं, तर तिथूनच घोंगडी गुंडाळून दोन्ही घरं दोन वाटांना लागली असती, आणि पुन्हा कुणी सुनेला सिनेमाला आणलं नसतं. मी गंगूच्या सासूला पुढे पडद्याशी बसलेलं पाहिलं होतं. म्हणून गोदूच्या सासूला मागच्या खांबाजवळ बसवलं. "इथे टेकायला खांब आहे," म्हटलं. ती खूश झाली.

दिवा विझला. मी वाकून वाकून पुढे गेले आणि गंगूच्या कानात म्हटलं, "मधल्या खांबाशी या." मग गोदूच्या कानात तेच. पडद्यावर भाऊ एकमेकांना शोधत होते, बायका खिदळत होत्या. मधल्या खांबाशी काय झालं ते मला दिसलं नाही, अंधार होता. बांगड्यांचा आवाज तेवढा ऐकला.

पण मी या गडबडीत विसरले की रीळ संपायला आलं आहे. फटकन दिवा लागला. दोघी दचकून उठल्या आणि खांबाच्या दोन बाजूंना झाल्या. गोदूची सासू सुनेला शोधत मागच्या खांबाकडून येतच होती. तिने समोर दिसली तिचा हात धरला. तो गंगूचा! "कुटं फिरतीस गं? बस हितं." आणि तिला ओढून घेऊन गेली. आता पुढची सासूही मान वळवू लागली, तेव्हा गोदू निमूटपणे तिकडे गेली आणि तिचे पाय चेपू लागली. दोघी भलत्याच सासूशेजारी! मी खांबाला धरून उभी होते.

गंगूची सासू डोळे मिटून म्हणाली, "आज तुजा हात लई हलका पडला गं गंगे. रोज असाच ठिवत जा."

"व्हय, आत्याबाई," गोदू म्हणाली.

इकडे मागे गोदूची सासू गंगूला शेंगा सोलून देत म्हणत होती, "ती तुजी भन पिंपळवाडीची. तोंड तुज्यावानी, पर वळन न्हाई गं तुजं."

"व्हय, आत्याबाई," गंगू म्हणाली, आणि शेंग खाल्ली.

दिवा विझला. पडद्यावर ती बायको चुकीच्या भावाला पोळीवर तूप वाढत होती. साऱ्या बायका ओरडत होत्या, "आगं बये, त्यो न्हवं!" आणि सगळ्यांत मोठ्याने त्या दोन सासवा. एक पुढून म्हणते, "काय येडी बाय हाय, घरचं मानूस वळकू येईना!" दुसरी मागून म्हणते, "डोळं हायती का गाराचं गोळं!" मी पदर तोंडात कोंबला तरी हसू थांबेना.

मग भानावर आले. दोघींना परत आपापल्या जागी कसं न्यावं? मघासारखी सून पुन्हा उठली, तर पडद्याच्या उजेडात सासू वळून पाहणार. दोघींच्या कानात "रीळ संपलं की उठा" म्हणून सांगितलं आणि बाहेरून वळसा घालून मी मशीनकडे धावले. पुरुषांच्या बाजूला मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. सगळे बघत होते. ह्यांना म्हटलं, "या वेळी दिवा लावू नका."

"अंधारात रीळ कसं चढवू?"

"तुम्ही म्हणता ना, हातांना सवय आहे."

रीळ संपलं आणि दिवा लागला नाही. पुरुषांनी शिट्ट्या मारल्या, शेठ कुठूनतरी "शांतवन!" म्हणून ओरडले. तिकडे मधल्या खांबाशी त्या दोघी पुन्हा बसल्या असतील तेवढा वेळ. हे सावकाश, फार सावकाश हातांनी चाचपत होते. मग चित्र सुरू झालं, आणि मी परत येऊन पाहते तर दोघी आपापल्या सासूजवळ होत्या.

खेळ सुटला, मागे बसलेली गोदूची सासू आधी बाहेर पडली. गंगूची सासू घोंगडी झटकत होती. गंगू माझ्याजवळून जाताना मी तिच्या हातातला तांब्या पाहिला. आपल्याकडे भांड्यावर नाव कोरतात. चौथी पास असल्याने मला वाचता येत होतं. नावाखाली गाव खडकवाडी होतं. मी म्हटलं, "अहो, तांब्या बदलला."

"ऱ्हाऊ द्या, बाई," ती म्हणाली, आणि डोळा मिचकावून सासूच्या मागे गेली.

आता माझी नोकरी, तो तंबू, ते मशीन काही राहिलं नाही. पुढे गावोगाव पक्की थेटरं झाली, खुर्च्या आल्या, बायका पुरुषांच्या शेजारी बसून सरळ बाजूने सिनेमा पाहू लागल्या. बरंच झालं. फक्त त्या जुळ्या भावांचं शेवटी काय झालं ते माझं पाहायचं राहिलं.

त्या खेळाच्या पुढच्याच वर्षी जामखेडला आमचा तंबू पुन्हा लागला होता. सिनेमा दुसराच होता, देवादिकांचा. मी तिकिटं फाडत होते आणि समोर दोन म्हाताऱ्या हातात हात घालून उभ्या राहिल्या. पाय पाहिले. एकीचे गुडघे वाकलेले, दुसरी इथेही दाराच्या खांबाला टेकलेली. मागे घोंगड्या सावरत दोन सुना, एकीसारखी एक, पदराआड हसणाऱ्या.

गंगूची सासू म्हणाली, "बाई, त्या तांब्यानं लई घोटाळा केला बघा. दुसऱ्याचं भांडं घरात ठिवायचं न्हाई आन् रिकामं परत करायचं न्हाई. मी गूळ भरून धाडला."

"मग मी काय कमी हाय?" गोदूची सासू म्हणाली. "मी तूप भरून धाडलं."

"तूप आलं म्हनल्यावर मी लेकाला धाडला. ह्येंनी त्येला जेवू घातलं."

"मग म्या बी ह्येंच्या दारात पाय ठिवला."

"आता थोरली कोण, ते ठरलं का?" मी विचारलं. दिव्याच्या उजेडात, सगळ्यांसमोर.

दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या. "आता आमी दोगी थोरल्या," गंगूची सासू म्हणाली, आणि मला बाजूला सारत पुढे सरकली. "आन् व्हा बाजूला. आमी जुळ्या हाओत. जुळ्यांना फुकट."

पलीकडून बन्सीशेठ ओरडले, "ते मागल्या वर्षीचं, आता बंद! मार्थाबाई, तिकीट घ्या!"

मी त्या दोघींसाठी कनात वर धरली आणि आयुष्यात पहिल्यांदा मालकावर ओरडले, "शेठ, जुळ्याच आहेत! मी पाय पाहिलेत!"